कोपराखालचा लोड

शिवगंगाकाकू कुठंही गेल्या तरी बसण्याआधी बसायच्या जागेत मूठ दाबून बघायच्या. एसटीचं सीट असो, लग्नातली गादी असो, बँकेतला सोफा असो. मूठ दाबायची, क्षणभर तशीच ठेवायची, मग उचलायची आणि दबलेली जागा परत वर येते का ते पाहायचं. आली तर काही बोलायच्या नाहीत. नाही आली तर "ही बसली" एवढंच म्हणायच्या आणि मग निवांत टेकायच्या. एकदा केजच्या एका कार्यक्रमात त्यांनी व्यासपीठावरच्या खुर्चीला हा प्रसाद दिला आणि शेजारी बसलेले पुढारी उगाचच सावरून बसले. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष खुर्चीतल्या स्पंजाकडे होतं.

दिंद्रुडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं लिंगायत, दुकान पिढ्यान् पिढ्यांचं. काकूंच्या कपाळावर भस्माचा पट्टा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि पदराला कायम एक दोरा ओवलेली सुई टोचलेली. दुकानात बसायचे त्यांचे यजमान, अण्णा. पांढऱ्या चादरीची बैठक, मागे कापडाचे गठ्ठे आणि अण्णांच्या डाव्या कोपराखाली लोड. तो लोड अण्णांच्या वडिलांच्या काळातला, इतका गच्च भरलेला की काकूंची मूठसुद्धा त्याच्यापुढे हरायची. अण्णांनी गिऱ्हाइकाला कुठलाही भाव सांगितला तरी कोपर त्या लोडावरून हलवलं नाही. दिंद्रुडच्या बाजारात प्रत्येक दुकानात असा एकेक लोड होता आणि प्रत्येक लोडावर एकेक कोपर.

दुकानाच्या मागच्या गोदामात काकूंचं राज्य होतं. तिथं त्यांनी बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था काढली होती. शाळेचे गणवेश, पिशव्या, गोधड्या, गाद्या, उश्या, जे म्हणाल ते शिवून मिळायचं. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. आम्ही गेवराईकडचे, गावात नवे. काकूंनी मला पहिल्याच भेटीत संस्थेची सचिव करून टाकलं. मी विचारलं, मलाच का? तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचं गावात कुणी सोयरं न्हाई. म्हंजी कुणाची बाजू घ्यायची भानगड न्हाई." माझी लायकी एवढीच होती आणि ती मला मान्य होती.

काकूंना मिटिंगीचं वेड होतं. साधासुधा छंद नाही, वेडच. एखादी गोष्ट दोन बायकांनी आपसात ठरवली की त्यांना बेचैन व्हायचं. "हात वर करा. तोंडं नंतर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंखा कुणाच्या मशीनकडे फिरवायचा, यावर ठराव. चहात आलं घालायचं की नाही, यावर ठराव. आल्याच्या बाजूनं काकूंचा एकटीचा हात वर गेला आणि त्यानंतर मी तिथं होते तोवर त्यांनी संस्थेत बिनआल्याचा चहा प्यायला. आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी कपात चोरून आलं घालून दिलं, तर त्यांनी वास घेऊन कप परत केला. "चेअरमननंच ठराव मोडला तर बाकीच्यांनी काय करावं?" मी तो कप स्वतः पिऊन टाकला. चहा छान झाला होता.

एका सभासद बाईच्या मुलीला माजलगावला कॉलेजात घालायचं की नाही, यावरही काकूंनी सभा लावली होती आणि त्या मुलीच्या आज्याला बोलावून सगळे वर गेलेले हात दाखवले होते. आजोबा बिचारे इतके हात बघूनच गप्प झाले. मुलगी कॉलेजात गेली. तेव्हापासून काकूंचा हातांवरचा विश्वास फारच वाढला.

मग ते छावण्यांचं साल आलं. पाऊस आदल्या वर्षीच रुसला होता, त्या वर्षी तो फिरकलाच नाही. कापूस बोंडाला येण्याआधी वाळला. गावात टँकर यायचा आणि त्याच्या आधी लोक यायचे. आमच्या संस्थेत पाहुण्याला अर्धा पेला पाणी द्यायचा ठराव झाला. जनावरं जगवायला ओढ्याच्या पलीकडच्या माळावर चारा छावणी पडली, आणि जनावरांबरोबर अर्धं गाव तिकडे राहायला गेलं. पोरंबाळं, चुली, बाजा, सगळं. गणवेशाचं काम आटलं. आमच्या मशिनींवर धूळ बसायला लागली.

एक दिवस काकू मला घेऊन छावणीत गेल्या. संस्थेला काही काम मिळतंय का ते बघायला. सगळीकडे गोठ्याचा वास, कडब्याच्या पेंढ्या, आणि आडोशाला बसलेल्या लेकुरवाळ्या बाया. गाडीच्या चाकाला पाठ लावून, खुंट्याला टेकून, नाहीतर कशालाच न टेकता, पुढं वाकून बाळाला पाजत होत्या. एकीची मान इतकी वाकली होती की बाळ तिच्याकडे न येता तीच बाळाकडे गेल्यासारखी दिसत होती. काकू तिच्याजवळ गेल्या. सवयीनं वाकून त्यांनी जमिनीत मूठ दाबली. त्या माळावर ढेकूळसुद्धा दगडासारखं झालं होतं.

"ही काय बसायची न्हाई," काकू म्हणाल्या. परत येताना वेशीपाशी आल्यावर एकदम म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आपण बाळंतिणीच्या उश्या करू. पाजायच्या."

अशी उशी आमच्यातल्या कुणी शिवली नव्हती. बाळाच्या डोक्याखाली राळ्याची उशी असते, ती प्रत्येक घरात असते. राळ्याचे बारीक दाणे भरलेली, डोकं गोल व्हावं म्हणून. पण आईच्या हाताखाली काय? आईनं आपलं गुडघा वर घ्यायचा, गोधडीची गुंडाळी करायची, नाहीतर सहन करायचं. तेव्हा पहिली उशी शिवायची ठरली ती आमच्याच रुक्मिणीसाठी.

रुक्मिण आमच्याकडची सगळ्यात चांगली शिवणारी. कॉलर शिवावी तर तिनंच. बोलायची मात्र इतकं कमी की तिच्या मशीनचा आवाज म्हणजेच तिचं बोलणं असं आम्ही धरून चाललो होतो. तिचं माहेर ऊसतोडीला पार तिकडे पश्चिमेला गेलं होतं, म्हणून पहिलंच बाळंतपण सासरी झालं. नवरा टँकरवर ड्रायव्हर, घरी आला तर आला. तालुक्याच्या दवाखान्यात सिझेरियन होऊन मुलगी झाली. मुलगी नाजूक होती. दोन घोट ओढायची की दमून झोपी जायची. रुक्मिणीला पोटावरच्या टाक्यांमुळे तिला मांडीवर धरवत नव्हतं.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "वजन वाढलेलं नाही. अंगावरचंच पाजा, सारखं पाजा. आणि बाटली देऊ नका, या पाण्यात तर बिलकूल नको." टँकरच्या पाण्यानं तेव्हा गावात घराघरात पोटं बिघडली होती. सिस्टर सांगून गेली, पण रुक्मिणीची सासू, सुंदराबाई, घाबरली होती. ती वाईट बाई नव्हती. उपाशी नात डोळ्यांसमोर रडत असताना कुणी काय करावं? तिनं पावडरीचा डबा आणि बाटली आणून फळीवर ठेवली होती. अजून उघडली नव्हती. सोमवारी पुन्हा वजन व्हायचं होतं, तोवर बघते म्हणाली.

म्हणजे आमच्याकडे सोमवारपर्यंत वेळ होता. काकूंनी लगेच सभा लावली.

गोदामात मधोमध सतरंजी आणि सतरंजीवर उमेदवार मांडले होते. पहिली माझ्या घरातली. माझ्या नणंदेनं तिची बाळं मोठी झाल्यावर पुण्याहून पाठवलेली, घोड्याच्या नालाच्या आकाराची, वर अस्वलांची चित्रं. आमचा मुलगा ती पाठीशी घेऊन टीव्ही बघायचा. दुसरी जुन्या कापसाची साधी, जरा लांबट. तिसरी म्हणजे एका बाईचं म्हणणं होतं की राळ्याचीच मोठी करावी. आणि चौथी काकूंची लाडकी: सरकीची, कापसाच्या बिया भरलेली. त्यांनी रात्रीतून स्वतःच एक नमुना शिवून आणला होता.

काकूंनी सगळ्यांत मूठ दाबली. अस्वलांच्या उशीत हात मनगटापर्यंत गेला. "ही नुसती हवा हाय. लेकरू ठिवलं की झाला झोपाळा." कापसाची तर केव्हाच बसली होती. राळ्याला सगळ्यांनी मिळून विरोध केला, कारण त्या सालात इतका राळा आणायचा कुठून? मग काकू सरकीच्या उशीवर हात ठेवून बोलायला लागल्या. सरकी जागा सोडत नाही. सरकी थंड राहते. सरकी वजनदार, म्हणजे घसरत नाही. त्या इतक्या जीव तोडून बोलल्या की मलाही वाटलं, आजवर माणसं सरकीशिवाय जगली कशी.

"हात वर करा. तोंडं नंतर."

सगळे हात वर गेले. माझाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, दुपारपर्यंत उशी शिवून तयार झाली आणि काकूंनी हळदकुंकू लावून ती स्वतः नेऊन दिली. रुक्मिणीनं ती घेतली, पायाला हात लावला, काही बोलली नाही. ती बोलत नसेच.

तिसऱ्या दिवशी सुंदराबाई पदर सावरत गोदामाच्या दारात आली. "चेअरमनकाकू, शेळीनं उशी खाल्ली."

कुणाला काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. सरकी म्हणजे जनावराचा खाऊ. घरची म्हैस छावणीत होती, एक शेळी तेवढी घरी राहिली होती. त्या सालात तिच्या नजरेला हिरवं पान पडलं नव्हतं आणि आम्ही एकमतानं तिच्या घरात तिचं पक्वान्न पाठवलं होतं. शिवणारणींमध्ये हसू फुटलं. एकजण म्हणाली, "ठराव शेळीनं खाल्ला." मलाही हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल घातली.

मी अस्वलांची आणि कापसाची, दोन्ही उश्या काखेत मारून त्यांच्या मागं निघाले. आमच्या मागं निम्मी संस्था. रुक्मिणीच्या घरी बाहेरच्या वसरीत सरकी विखुरलेली, उशीचा अभ्रा फाटून पडलेला, आणि शेळी कोपऱ्यात अजून तोंड हलवत उभी. आत बाळ बारीक आवाजात रडत होतं. सुंदराबाईनं येऊन चुलीपाशी पाण्याचं पातेलं ठेवलं आणि फळीवरची बाटली काढून धुवायला घेतली. सोमवार अजून उजाडायचा होता, पण तिचा धीर सुटला होता.

काकू फाटक्या अभ्र्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उशी वसरीत कावून आली? बाळंतीण तर आत हाय."

"ऊन द्यायला ठिवली आसंल," सुंदराबाई म्हणाली.

"मी ठिवली," आतून रुक्मिणीचा आवाज आला. "टाक्यावर लई भार यायचा तिचा. पाजताना डोळ्यांत पाणी यायचं."

काकू आत गेल्या. "मंग सांगितलं कावून न्हाईस गं?"

रुक्मिण भिंतीकडे बघत म्हणाली, "ठराव झालता ना काकू."

काकूंना तोंडावर बोलणारी खूप माणसं मी बघितली होती. पुढारी, अधिकारी, एक दोन व्यापारी. कुणाच्या बोलण्यानं त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. त्या खाली बसल्या. बसण्याआधी मूठ दाबायलाही विसरल्या.

दारात उभ्या असलेल्या बायकांचं मात्र सुरू झालं होतं. आता अस्वलांची द्या. नको, कापसाचीच बरी. अहो, दोन कापसाच्या एकावर एक. आणि सवय वाईट असते, बोलता बोलता एकीचा हात वर गेला, तिच्या मागं दुसरीचा.

"हात खाली," काकू म्हणाल्या.

हात खाली आले. काकू बाजेच्या कडेला हात ठेवून, आमच्याकडे न बघता बोलत होत्या. "बहात्तरच्या दुष्काळात माझी पयली लेक झालती. मला पाजता येईना. पुढच्या खोलीत सासरा, चुलतसासरा, थोरला दीर, आन् गावचे एक वैद्य, चौघं बसले. ठरलं की वरचं दूध द्यायचं. मी आत व्हते. मला कुणी येऊन इचारलं न्हाई की बाई, तुला काय हुतंय. छातीत गाठ झालती, हात लावला की जीव जायचा, एवढंच व्हतं. गाठ चार दिसांत गेली असती. पोरीला जुलाब लागले. उन्हाळा काढला न्हाई तिनं."

सुंदराबाईच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"तवापासून मला वाटायचं, त्या चौघांच्या जागी चाळीस हात असते तर असं झालं नसतं. म्हणून म्या ही संस्था काढली. आता चाळीस हात झाले. पर जिला पाजायचंय तिचा हात त्यात न्हवताच." मग त्या रुक्मिणीकडे वळल्या. "आता तू सांग. कुठं दुखतंय?"

रुक्मिणीला बोलायला वेळ लागला. आणि मग ती इतकी बोलली की आम्ही बघतच राहिलो. टाक्यांवर काही म्हणजे काही नको. बाळ समोरून नको, बाजूनं पाहिजे. पाठ भिंतीला लागते, पण डावा हात तरंगत राहतो, बाळाचं डोकं धरून मनगट बधिर होतं, मग हात खाली येतो, हात खाली आला की बाळाचं तोंड सुटतं, आणि तोंड सुटलं की ते रडून रडून झोपतं. असं दिवसभर. तिला सगळं ठाऊक होतं. विचारलं नव्हतं कुणी.

अस्वलांची उशी लावून बघितली. ती खुर्चीत बसणाऱ्या बाईसाठी केलेली होती. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या रुक्मिणीच्या कडेनं ती पुढं सरकायची आणि बाळ फटीत जायचं. कापसाची लावली, तर हात टेकताच चपटी झाली. काकू बघत होत्या, रुक्मिणीच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या कोपराकडे. एकाएकी उठल्या आणि चालायला लागल्या. मी धावतच मागं गेले.

दुकानात अण्णा कुणा शेतकऱ्याला धोतरजोडी दाखवत होते. कोपर लोडावर, आवाज सावकाश. काकू पायरी चढल्या आणि एका झटक्यात त्यांनी तो लोड ओढून घेतला. अण्णा डाव्या अंगाला कलंडले.

"अगं, गिऱ्हाईक हाय समोर," अण्णा सावरत म्हणाले.

"आसू द्या. धोतराचा भाव सांगायला कोपराखाली लोड लागतो, आन् लेकराला पाजायला लागत न्हाई व्हय?"

तो शेतकरीच मधे म्हणाला, "न्या बाई, न्या. भाव जरा खाली तरी यील." काकू तोवर रस्त्यावर पोचल्या होत्या. तो अगडबंब लोड त्यांनी एखाद्या लेकरासारखा कडेवर घेतला होता आणि बाजार उभा राहून बघत होता.

रुक्मिणीच्या खोलीत त्यांनी कात्रीनं लोड मधोमध कापला. आतला कापूस पिवळसर झालेला, पण असा दाबून भरलेला की बोटांनी उपटून काढावा लागला. त्यांनी तो सुपात पिंजून वसरीतल्या उन्हात पसरला, शेळीला लांब बांधायला लावलं, आणि रुक्मिणीनंच कधीतरी शिवलेल्या एका धुतलेल्या खोळीत भरला. एक बाजू उघडीच ठेवली. ती तशी उघडी उशी रुक्मिणीच्या डाव्या अंगाला, कोपराखाली सरकवली.

"उंच हुतीय," रुक्मिण म्हणाली.

काकूंनी उघड्या बाजूनं हात घालून मूठभर कापूस काढला. "आता?"

"अजून."

आणखी एक मूठ. "आता?"

"भिंतीकडं जरा ऱ्हाऊ द्या. पुढनं काढा."

काकूंनी पुढून काढला. एरवी कुणी त्यांना हात कुठं घालायचा ते सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात कुणीतरी बोलावल्यामुळे सिस्टर आली. तिनं बाळ उचललं आणि ते रुक्मिणीच्या काखेखाली ठेवलं, पाय मागं भिंतीकडे, डोकं पुढं तळहातावर. पोटाला कुठंच स्पर्श नाही. रुक्मिणीचं कोपर उशीत रुतलं आणि तिथंच थांबलं.

"बास," रुक्मिण म्हणाली.

काकूंनी पदराची सुई काढली आणि तिथंच बसून, बाळ पीत असताना, उघडी बाजू शिवायला घेतली. बाळ आधी थांबत थांबत ओढत होतं, मग त्याला लय सापडली आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज यायला लागला. सुंदराबाई चुलीपाशी उभी राहून तो आवाज ऐकत होती. तिनं पातेल्याखालचा जाळ ओढला आणि बाटली उचलून परत फळीवर ठेवली. मला रडू आलं, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही.

सोमवारी सिस्टरच्या काट्यानं आम्हाला फार काही दिलं नाही. काटा हलला, बस. पण तो बरोबर दिशेला हलला होता, आणि त्यापुढच्या खेपेला सुंदराबाई नातीची झोळी स्वतः काट्याला अडकवून गल्लीला बोलावून दाखवत होती. पावडरीचा डबा सील न तोडता दुकानात परत गेला. बारशाला नावावरून बायकांची चर्चा रंगायला लागली, तेव्हा काकूंनी एकीलाही हात वर करू दिला नाही. रुक्मिणीनं नाव ठेवलं, ऋतुजा. पावसाचं अजून नाव नव्हतं, तरी.

संस्थेत मात्र ठराव झाला. माझ्या हातानं लिहिलेला तेवढा एक ठराव मला आजही तोंडपाठ आहे: पाजायची उशी तीन बाजूंनी शिवून न्यावी. चौथी बाजू बाळंतिणीसमोर, तिनं बास म्हटल्यावरच शिवावी. कापसाचा प्रश्न काकूंनी आपल्या पद्धतीनं सोडवला. त्या बाजारातल्या एकेका दुकानात शिरल्या, किराणावाले, अडते, सोनार, आणि शेठजींच्या कोपराखालचे लोड ओढून आणले. अण्णांच्या उदाहरणामुळे कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्या उन्हाळ्यात दिंद्रुडच्या बाजारात एकाही कोपराखाली लोड उरला नव्हता. शेठजी लोक अवघडून, ताठ बसून धंदा करत होते, आणि तिकडे छावणीत कडब्याच्या सावलीला बाया त्यांच्या लोडांवर कोपर टेकून बसल्या होत्या. काकू एकीकडून दुसरीकडे जायच्या, गुडघे टेकायच्या आणि विचारायच्या, कुठं दुखतंय. बाया आधी लाजायच्या. मग बोलायच्या.

काकू बदलल्या असं मात्र कुणी समजू नये. चहातल्या आल्याचा ठराव त्यांनी कधी फेरविचाराला घेतला नाही. आणि सरकीचा विषय निघाला की त्या अगदी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "सरकी वाईट न्हवती. शेळी वाईट."

पुढं पाऊस आला, छावणी उठली, उश्यांची मागणी केज-गेवराईपर्यंत गेली. आमची बदली झाली आणि मी माझ्या गेवराईला परत आले. काकूंची खबर येत राहायची. रुक्मिण चेअरमन झाली. बाजारात नवे लोड आले. मग कळलं की काकू अंगणात घसरून पडल्या आणि उजवा हात मोडला. मी भेटायला गेले.

त्या दुकानामागच्या खोलीत बाजेवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर. दुखत असावं, कारण कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्याखाली आठ्या होत्या, पण तोंड चालू होतं. प्लास्टर नीट घातलं नाही, गादी बसली, डॉक्टरला काही कळत नाही. बाजेच्या कडेवर रुक्मिण बसली होती आणि दारात ऋतुजा, दप्तर पाठीवर, शाळेची घाई. रुक्मिणीच्या मांडीवर एक उशी होती. खोळ नवी होती, पण मी ती ओळखली. कितीतरी बाळं पिऊन मोठी झाली होती त्या अर्ध्या लोडावर. एक बाजू उसवलेली होती.

काकूंनी डाव्या हाताची मूठ उशीत दाबली. "ही बसली."

"उशीचं इचारलं न्हाई तुमाला," रुक्मिण म्हणाली. तिनं उशी हलकेच प्लास्टरच्या हाताखाली सरकवली. "कुठं दुखतंय ते सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग खाली. मला वाटतं, कित्येक वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"खांद्याला," त्या हळूच म्हणाल्या. "कोपर उंच हुतंय गं. जरा काढ."

रुक्मिणीनं उघड्या बाजूनं हात घालून मूठभर कापूस काढला. "आता?"

"अजून."

"आता?"

काकूंनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या. "बास," म्हणाल्या. रुक्मिणीनं काकूंच्याच पदरातली सुई काढली आणि शिवायला घेतली.